विश्लेषण : दंडाची बेटकुळी की छातीतला दम? व्यायाम नेमका कशासाठी निवडायचा?

नव्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात जिममध्ये गर्दी उसळते आणि होळी येईपर्यंत ती ओसरते. नाव नोंदवताना पहिला प्रश्न बहुतेक ठिकाणी ठरलेला असतो : वजन कमी करायचे आहे की बॉडी बनवायची आहे? दोन्ही पर्याय शरीर कसे दिसेल याबद्दलचे आहेत. तीन जिने चढल्यावर धाप लागते का, जमिनीवर मांडी घालून बसल्यावर हाताचा आधार न घेता उठता येते का, हे फारसे कुणी विचारत नाही. दिसण्यासाठीचा व्यायाम आणि तंदुरुस्तीसाठीचा व्यायाम एकच, असे गृहीत धरले जाते. ते कितपत खरे आहे आणि खरे नसेल तर वेळापत्रक कसे निवडायचे, हा प्रश्न हौशी तरुणांपुरता राहिलेला नाही. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलामुलींसाठी तो नोकरीचा आणि चाळिशी ओलांडलेल्यांसाठी प्रकृतीचा प्रश्न आहे.

लंडनच्या बसमधून काय कळले?

व्यायाम आणि हृदयविकार यांचा संबंध दाखवणारे पहिले मोठे संशोधन जिममध्ये झालेले नाही. ते झाले लंडनच्या दुमजली बसमध्ये. जेरी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनच्या वाहतूक सेवेतील सुमारे ३१ हजार पुरुष कर्मचाऱ्यांच्या नोंदी तपासल्या आणि १९५३ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध केले. चालक दिवसभर बसून असत. वाहक तिकिटे देण्यासाठी दिवसाला पाचशे ते साडेसातशे पायऱ्या चढत-उतरत. वाहकांमध्ये हृदयविकार कमी आढळला आणि झालाच तर पहिल्याच झटक्यात दगावण्याचे प्रमाणही चालकांपेक्षा बरेच कमी होते.

त्यावर शंका आली ती स्वाभाविकच. वाहक मुळात सडपातळ असतील, म्हणून वाचत असतील. मॉरिस यांच्या गटाने मग गणवेश शिवणाऱ्यांकडची मापे मिळवली आणि १९५६ मध्ये विजारीच्या कमरेचे माप आणि हृदयविकार यांची सांगड घातली. चालकांच्या कमरा खरोखरच मोठ्या निघाल्या. पण सडपातळ, मध्यम आणि जाड अशा तिन्ही गटांत वाहकच अधिक सुरक्षित होते. म्हणजे पोट सुटलेला, पण दिवसभर जिने चढणारा वाहक आणि बारीक कमरेचा, पण बसून राहणारा चालक यांची तुलना आरशासमोर करून चालणार नव्हती. हा निरीक्षणातून निघालेला निष्कर्ष होता. कोणता माणूस कोणते काम पत्करतो याचाही त्यावर परिणाम असू शकतो. तरी पुढच्या सात दशकांत त्याला बळकटीच मिळत गेली. अमेरिकेतील क्लीव्हलँड क्लिनिकने २०१८ मध्ये ट्रेडमिल चाचणी झालेल्या १ लाख २२ हजार रुग्णांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. ज्यांचा दम जास्त, त्यांचे मृत्यूचे प्रमाण कमी, असे चित्र त्यात स्पष्ट होते.

महाराष्ट्रात हा वाद जुनाच आहे. आधुनिक शरीरसौष्ठवाचा जनक मानला जाणारा युजीन सँडो १९०४-०५ मध्ये भारतात येऊन खेळ करून गेला. त्याच्या पद्धतीचे डंबेल आणि तक्ते त्याआधीच इथे पोहोचले होते. औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनीही अनेक वर्षे सँडोच्या पद्धतीने व्यायाम केला. नंतर ते सूर्यनमस्कारांकडे वळले आणि पुढचे आयुष्य त्यांनी नमस्कारांच्या प्रसाराला वाहिले. तालमीतल्या वस्तादांना तर पोटावरचे चौकोन कधीच महत्त्वाचे वाटले नाहीत. अंगात रग किती आणि कुस्ती किती वेळ टिकते, एवढेच ते पाहत.

भरतीच्या मैदानावर काय मोजतात?

दिसणे आणि क्षमता यांतला फरक सर्वात निष्ठुरपणे दिसतो तो पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत. महाराष्ट्रातील जिल्हा पोलीस शिपाई पदाच्या अलीकडच्या भरतीत ही चाचणी ५० गुणांची होती. पुरुषांसाठी १६०० मीटर धावणे २० गुणांचे, १०० मीटर धावणे आणि गोळाफेक प्रत्येकी १५ गुणांची. महिलांसाठी १६०० ऐवजी ८०० मीटर. पुरुषांना १६०० मीटरचे पूर्ण गुण हवे असतील तर ५ मिनिटे १० सेकंदांत अंतर कापावे लागते. चारशे मीटरच्या मैदानाला चार फेऱ्या आणि प्रत्येक फेरी साधारण ७७ सेकंदांत. ताशी वेग होतो साडेअठरा किलोमीटर. जिममधल्या ट्रेडमिलवर हा आकडा लावून पाच मिनिटे टिकणारी माणसे हाताच्या बोटांवर मोजता येतील.

या चाचणीत दंडाच्या घेराला एकही गुण नाही. गोळाफेकीत तरी पिळदार हातांचा फायदा होईल, असे अनेकांना वाटते. पुरुषांचा गोळा ७.२६० किलोचा असतो आणि साडेआठ मीटरला पूर्ण गुण मिळतात. पण गोळा लांब जातो तो पाय आणि कमरेतून निघालेल्या झटक्यामुळे. हात त्या साखळीतला शेवटचा दुवा आहे. आठवड्यातले चार दिवस छाती आणि बायसेप्सवर घालवून पायांचा दिवस टाळणारा मुलगा इथे मागे पडतो. निकषांत दिसण्याच्या जवळ जाणारी गोष्ट एकच, ती म्हणजे छातीचे माप. पुरुषांसाठी ती न फुगवता ७९ सेंटिमीटर असावी लागते. पण तिथेही श्वास भरल्यावर किमान पाच सेंटिमीटरचा फरक मागितला जातो.

आणखी एक अडचण वजनाची. वर्षभर जिममध्ये खपून सहा-सात किलो वजन वाढवलेल्या तरुणाला धावताना तेवढे ओझे प्रत्येक पावलाला उचलावे लागते. हृदय आणि फुप्फुसांची क्षमता त्या प्रमाणात वाढलेली नसेल तर तिसऱ्या फेरीत पाय जड होतात. शंभर मीटरच्या शर्यतीत मांड्यांतली ताकद उपयोगी पडते, पण पाच मिनिटांच्या धावेत बहुतांश ऊर्जा प्राणवायूच्या मदतीने तयार होते. तिथे दम नसेल तर स्नायूंचा फारसा उपयोग होत नाही.

म्हणून भरतीची तयारी करून घेणारे जाणकार प्रशिक्षक निदान पाच-सहा महिने आधी सुरुवात करायला सांगतात. आठवड्यात दोन-तीन दिवस बोलता येईल अशा संथ गतीने पाच-सहा किलोमीटर, एक दिवस ४०० मीटरच्या वेगवान फेऱ्या आणि मध्ये विश्रांती, एक दिवस शंभर मीटरचे स्टार्ट आणि दोन दिवस बैठका, उड्या, गोळ्याचे तंत्र. यात आरशासमोर उभे राहण्यासारखे काही नाही, त्यामुळे ते कंटाळवाणे वाटते. शेवटच्या महिन्यात घाईने सगळे उरकायचा प्रयत्न मात्र महागात पडतो. नडगीचे दुखणे आणि गुडघ्याच्या तक्रारी तेव्हाच सुरू होतात.

घाईचे टोक झारखंडमध्ये दिसले. २०२४ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये उत्पादन शुल्क शिपाई भरतीत पुरुषांना तासाभरात १० किलोमीटर धावायचे होते. त्या चाचणीदरम्यान आणि नंतर दहाहून अधिक उमेदवार दगावले. उकाडा, अपुरी तयारी, उत्तेजक द्रव्ये अशा अनेक शंका तेव्हा व्यक्त झाल्या. त्यानंतर राज्य सरकारला धावण्याचा निकषच बदलावा लागला.

शरीर नेमके कशाला प्रतिसाद देते?

याचे उत्तर साधे आहे. शरीराकडे जे मागितले जाते, तेच ते देऊ लागते. स्नायूचा आकार वाढवायचा असेल तर त्याला थकव्याच्या जवळ नेणारे पुरेसे सेट, पुरेशी प्रथिने आणि झोप लागते. ताकद वाढवायची तर वजन जास्त, आवर्तने कमी आणि मधली विश्रांती मोठी. सुरुवातीच्या काही आठवड्यांत वाढलेली ताकद तर बहुतांशी मज्जासंस्थेची कमाई असते. स्नायू तेवढेच असतात, मेंदू त्यांना एकत्र कामाला लावायला शिकतो. म्हणूनच पहिल्या महिन्यात आरशात काहीच दिसत नाही आणि अनेक जण तिथेच जिम सोडतात. प्रत्यक्षात त्या वेळी बदल सर्वात वेगाने होत असतो.

दमाचे गणित वेगळे. नियमित चालणे, धावणे, पोहणे, सायकल यांमुळे हृदय एका ठोक्याला जास्त रक्त ढकलू लागते, स्नायूंभोवतीचे सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे जाळे दाट होते आणि पेशींतली ऊर्जाकेंद्रे वाढतात. यातले काहीही छायाचित्रात येत नाही.

मग दोन्ही एकत्र करता येते का? रॉबर्ट हिक्सन हे स्वतः वजने उचलणारे संशोधक. धावण्याची जोड दिल्यावर आपले स्नायू आटत असल्याचे त्यांच्या लक्षात आले आणि त्यांनी त्यावर प्रयोग केला, जो १९८० मध्ये प्रसिद्ध झाला. दहा आठवडे ताकदीचा आणि दमाचा कसून व्यायाम एकत्र करणाऱ्यांची ताकद आधी वाढली, पण अखेरच्या आठवड्यांत घसरू लागली. या प्रयोगाचा हवाला देऊन ‘धावलास तर बॉडी जाईल’ असे सांगणारे ट्रेनर आजही भेटतात. हिक्सन यांच्या गटाने आठवड्यात पाच दिवस ताकदीचा आणि सहा दिवस दमाचा व्यायाम केला होता, हे मात्र ते सांगत नाहीत. आठवड्यात तीन-चार तास देणाऱ्या सामान्य माणसाला या दोन्हींची एकमेकांना अडचण जवळपास होत नाही, असे नंतरच्या संशोधनातून दिसते.

‘सिक्स पॅक’ची किंमत किती?

पोटाचे स्नायू प्रत्येकाला असतात. ते दिसत नाहीत, कारण वर चरबीचा थर असतो. हजार क्रंचेस मारून फक्त तिथलीच चरबी उतरत नाही. शरीर चरबी कुठून वापरायची ते स्वतः ठरवते. त्यामुळे चौकोन दिसण्यासाठी पुरुषांना शरीरातील एकूण चरबी साधारण १०-१२ टक्क्यांपर्यंत आणावी लागते आणि स्पर्धेच्या मंचावर उभे राहणारे त्याच्याही निम्म्यावर जातात.

तेव्हा आत काय होते, याची एक तपशीलवार नोंद २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. अमेरिकेतील एका शरीरसौष्ठवपटूची स्पर्धेआधी सहा महिने आणि नंतर सहा महिने तपासणी करण्यात आली. तो उत्तेजके घेत नव्हता. त्याची चरबी १४.८ वरून ४.५ टक्क्यांवर आली आणि विश्रांतीतील नाडी मिनिटाला ५३ वरून २७ वर उतरली. टेस्टोस्टेरॉन ९.२२ वरून २.२७ नॅनोग्रॅमवर घसरले, ताकद कमी झाली आणि मनःस्थिती बिघडली. म्हणजे तो सर्वात ‘फिट’ दिसत होता तेव्हा सर्वात अशक्त होता. एका माणसावरून सगळ्यांचा निष्कर्ष काढता येत नाही हे खरे. तरी पडद्यावरच्या किंवा जाहिरातीतल्या शरीराकडे पाहताना हे लक्षात ठेवलेले बरे. त्या चित्रीकरणाआधी पाणी आणि मीठ तोडणे ही त्या धंद्यातली उघड गोष्ट आहे.

खरा धोका शॉर्टकटचा. अ‍ॅनाबॉलिक स्टेरॉइडमुळे स्नायू झपाट्याने फुगतात. सोबत हृदयाच्या भिंती जाड होतात, चांगले कोलेस्टेरॉल घसरते, शरीराची स्वतःची टेस्टोस्टेरॉननिर्मिती थांबते आणि शुक्राणूंची संख्या कोसळते. लग्नानंतर मूल होत नाही म्हणून तपासणीला गेल्यावर जुन्या इंजेक्शनांचा उलगडा होण्याचे प्रकार डॉक्टरांना नवे नाहीत. गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रात जिमच्या आसपास आणखी एका इंजेक्शनचा बोलबाला झाला आहे, ते म्हणजे मेफेन्टरमाइन. भूल दिल्यावर खालावलेला रक्तदाब वर आणण्यासाठीचे हे औषध. ते घेतल्यावर थकवा जाणवत नाही, म्हणून व्यायामाआधी टोचले जाते. थकवा जाणवत नाही याचा अर्थ हृदय थकत नाही, असा होत नाही. रक्तदाब आणि ठोके वाढतात, ठोक्यांची लय बिघडू शकते आणि सवयही लागते. त्याच्या बेकायदा विक्रीवर पोलीस आणि औषध प्रशासनाने ठिकठिकाणी कारवाई केली आहे. चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या या कुपीची किंमत किरकोळ असते, हेच तिच्या प्रसाराचे कारण आहे.

बारीक आहे म्हणजे निरोगी आहे?

उलट बाजूचा गैरसमजही तितकाच पक्का. ‘मला कुठे व्यायामाची गरज, मी तर बारीक’ हे वाक्य घरोघरी ऐकू येते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी त्याला २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मधून एका छायाचित्राने उत्तर दिले. छायाचित्रात ते आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन शेजारी उभे आहेत. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या तुलनेत वजनाचा निर्देशांक, २२.३. दोघेही दिसायला सडपातळ. पण शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर डॉ. याज्ञिक यांची २१.२ टक्के. दोघांच्या आडनावांच्या इंग्रजी आद्याक्षरावरून हे ‘वाय-वाय कोडे’ म्हणून प्रसिद्ध झाले. भारतीयांमध्ये स्नायू कमी आणि पोटाच्या आतली, अवयवांभोवतीची चरबी जास्त असण्याची प्रवृत्ती असते आणि मधुमेहाचा धोका तिथून येतो.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी पाहणीतही हेच दिसते. बीएमआयनुसार स्थूल प्रौढ २८.६ टक्के, पण पोटाच्या घेरानुसार स्थूल ३९.५ टक्के. म्हणजे वजनकाट्याने ‘ठीक’ ठरवलेले कितीतरी लोक टेपच्या मोजमापात अडकतात. भारतीय पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर आणि महिलांसाठी ८० सेंटिमीटर ही घेराची मर्यादा मानली जाते. दिसण्यातली एखादी गोष्ट आरोग्यासाठी मोजायचीच असेल, तर ती हीच.

मग वेळापत्रक कसे ठरवावे?

दिसण्यासाठी व्यायाम करणे यात गैर काही नाही. लग्न ठरले, जुनी पँट बसेना, शाळासोबत्यांचे स्नेहसंमेलन आले म्हणून व्यायाम सुरू झाला तर तो सुरू तर झाला. अडचण नंतर येते. व्यायामाच्या प्रेरणांवरील संशोधनाचा २०१२ मध्ये आढावा घेण्यात आला. त्यानुसार वर्षानुवर्षे टिकतात ते व्यायामात मजा वाटणारे किंवा आपली क्षमता वाढताना अनुभवणारे. आरसा हा लहरी परीक्षक आहे. प्रकाश बदलला, दोन दिवस जेवण वाढले की त्याचे मत बदलते. उलट मागच्या महिन्यात दहा जोर निघत होते, आता सोळा निघतात, हे कुणी नाकारू शकत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटे जोमदार व्यायाम आणि किमान दोन दिवस सर्व प्रमुख स्नायूंना ताण देणारा व्यायाम, अशी आहे. मध्यम म्हणजे बोलता येते, पण गाणे म्हणता येत नाही असा वेग. लोकलने रोज दोन-तीन तास प्रवास करणाऱ्याने हे बसवायचे कसे? स्टेशनपर्यंत रिक्षाऐवजी पंधरा मिनिटे झपझप चालणे, जाताना आणि येताना, हे पाच दिवस केले तर १५० मिनिटे तिथेच भरतात. उरले ताकदीचे दोन दिवस. बैठका, जोर, पाण्याने भरलेला कॅन किंवा डंबेल जमिनीवरून उचलणे, दोरी किंवा बारला लटकून ओढणे, एवढ्या चार हालचालींत शरीराचा बहुतेक भाग येतो. अर्धा तास पुरतो. ज्याला दंड आणि खांदे भरदार हवे आहेत, त्याने याच पायावर दोन दिवस आणखी वाढवावेत. जेवणात डाळी, दूध, अंडी, मासे यांचे प्रमाण पाहावे. पावडरीच्या डब्याचा विचार त्यानंतर.

मोजायचे काय? सकाळी उठल्यावरची नाडी, ठरावीक जिने चढून गेल्यावर ती किती वेळात शांत होते, दोन किलोमीटर चालायला किती मिनिटे लागतात, बारला किती सेकंद लटकता येते. हाताच्या पकडीला कमी लेखू नये. भारतासह १७ देशांत झालेल्या ‘प्युअर’ अभ्यासात पकडीची ताकद दर पाच किलोने कमी होताना मृत्यूचा धोका १६ टक्क्यांनी वाढलेला आढळला. पकड हे कारण नव्हे. ते एकूण स्नायूंच्या अवस्थेचे चिन्ह आहे. त्यामुळे नुसता स्प्रिंगचा चिमटा दाबत बसून काही साधणार नाही.

महिलांचे काय?

दिसण्याच्या आग्रहाचा सर्वात मोठा तोटा बहुधा त्यांनाच होतो. मुलींना जिममध्ये सरळ ट्रेडमिलकडे पाठवले जाते, कारण त्यांना ‘बारीक व्हायचे’ असते. वजने उचलली तर अंग पुरुषी होईल, ही भीती घरातूनच दिली जाते. स्त्रियांच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन पुरुषांच्या तुलनेत इतके कमी असते की, आठवड्यात दोन-तीनदा वजने उचलून तसे काही होत नाही. तिशीनंतर स्नायू दर दशकाला साधारण तीन ते आठ टक्क्यांनी घटतात आणि पाळी थांबल्यावर हाडांची झीज वेगाने सुरू होते. या दोन्हींवर उतारा वजनाच्या व्यायामाचा आहे. उपास आणि ट्रेडमिल या जोडीने वजन उतरते, पण त्यात स्नायूही जातात. अति कमी खाऊन अति व्यायाम केल्याने पाळी अनियमित झाली किंवा थांबली, तर ते शरीराला ऊर्जा पुरत नसल्याचे लक्षण आहे आणि डॉक्टरांना दाखवायला हवे.

आधी तपासणी कुणी करावी?

चालणे वाढवायला कुणाच्या परवानगीची गरज नसते. चाळिशीनंतर पहिल्यांदाच जोमदार व्यायाम सुरू करणारे, मधुमेह किंवा उच्च रक्तदाब असलेले, धूम्रपान करणारे आणि घरात कुणाचा कमी वयात हृदयविकाराने मृत्यू झाला असेल असे सर्व जण यांनी मात्र आधी डॉक्टरांना भेटावे. व्यायाम करताना छातीत दाब येणे, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ जाणे, भोवळ येणे याला ‘गॅस’ म्हणून पुढचा सेट मारू नये, तिथेच थांबावे. अंगात ताप असताना मैदान आणि जिम दोन्हींना सुट्टी द्यावी, भरतीची तारीख कितीही जवळ आली असली तरी.